खालून थांबलेली करवत

…तर करवत थांबली. इथंच काल आपण उठलो होतो, आणि उठायला नको होतं, कारण खरी गंमत त्याच्या पुढंच आहे. भर दुपार, ओंडका जेमतेम निम्मा कापून झालेला, आणि करवत जागच्या जागी उभी. वरून नव्हे बरं का. खालून थांबली!

काल जे नव्हते त्यांना यात नवल काय ते कळायचं नाही, म्हणून थोडं मागं जायला हवं. लाकडाच्या त्या वखारीत यंत्र होतं, पण अंगानं दांडगे ओंडके यंत्राच्या तोंडात मावत नसत. ते हातानं कापायचे. त्यासाठी पुरुषभर खोल खड्डा खणलेला, त्यावर ओंडका आडवा टाकलेला. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये माणसापेक्षा लांब करवत, दोन्ही टोकांना मुठी. वरच्यानं ती उचलायची आणि सुतानं मारलेल्या काळ्या रेघेवर नेमकी धरायची. खालच्यानं ती खाली ओढायची. लाकूड कापलं जातं ते करवत खाली येताना. वरच्याला रेघ दिसते. खालच्याला काहीही दिसत नाही, त्याच्या तोंडावर नुसता भुसा पडत असतो. म्हणून त्या कामाचा नियम असा, की करवत थांबवायची ती वरच्यानंच. खालचा माणूस शिंक आली तरी ओढत राहतो. खड्ड्यात साप निघाला तेव्हाही खालच्यानं आधी ओढ पुरी केली आणि मगच शिडी गाठली, असं वखारीत सांगतात. साप होता की जुनी दोरी, याबद्दल मात्र दोन मतं आहेत.

वर असायचे दाजी. खाली त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यांचा मेव्हणा. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून हमाल दाजी म्हणायला लागले, मग वखारवाला, मग न्हावी, मग पोस्टमन. दाजींचे वडील हयात होते तेव्हा एकदा तेच वखारीच्या फाटकात येऊन विचारून बसले, "आमचे दाजी आहेत का?" आणि मग स्वतःच कपाळाला हात लावून हसत सुटले. मेव्हण्याचंही तेच. त्याच्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या काकांनी विचारलं, "मुलाला काय म्हणतात?" वखारवाला म्हणाला, "मेव्हणा." "अहो, पण कुणाचा?" तर हा म्हणतो, "आता काय सांगू, सगळ्यांचाच!" तरी लग्न जमलं.

दाजींना त्या ओंडक्यावर उभं असलेलं बघणं म्हणजे एक बघण्यासारखी गोष्ट होती. पाय फाकलेले, पाठ ताठ, नजर रेघेवर. सूत काजळीच्या पाण्यात बुडवून ते ओंडक्यावर ताणायचे, मधे चिमटीत धरून सोडायचे, आणि एकदा का ती काळी रेघ उमटली की करवत तिच्यावरून केसभर हलत नसे. शाळेतले बाक, नदीवरच्या होडीचा तळ, कचेरीचा दरवाजा, सगळं त्यांच्या रेघेतून निघालेलं. रस्त्यानं चालताना ते एखाद्या दाराच्या चौकटीवर सहज हात फिरवून पुढं जायचे. बायको म्हणायची, "या माणसाबरोबर कुठं जायची सोय नाही. माणसं नमस्कार करतात ते याला दिसत नाही आणि हा दारांना ओळख देत सुटतो."

आता दुखणं. जांघेत उजव्या बाजूला त्यांना एक फुगवटा दिसायला लागला. आधी सुपारीएवढा. आडवं पडलं की आत जायचा, करवत उचलली की बाहेर. याला हर्निया म्हणतात, जुनी माणसं अंतर्गळ म्हणत. पोटाच्या आतल्या भिंतीला फट पडते आणि तिथून आतडं बाहेर डोकावतं. दाजींनी तो कुणाला दाखवला नाही. जागाच अशी, की माणूस सांगणार तरी कुणाला आणि कोणत्या तोंडानं? आणि मग त्यांनी एक असं काम केलं, जे फक्त करवत ओढणाऱ्याच्याच डोक्यात येईल. कापताना लाकडाची फट मिटून करवत आवळू नये म्हणून त्यात पाचर ठोकतात. पाचरीवर त्यांचा भारी विश्वास. इथं फट उघडी राहते आहे ना, मग तिच्या मापाचं लाकूड बसवू! त्यांनी हलक्या लाकडाची हातात मावेलशी गोटी कोरली, काचकागदानं घासून आरशासारखी गुळगुळीत केली आणि मोच्याकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला. मोच्यानं विचारलं, "कशाला हो हा?" म्हणाले, "कुत्र्याला." मोची पुढं वर्षभर विचारायचा, "दाजी, तुमचं कुत्रं कधी दिसत नाही ते!"

बायकोपासून मात्र काय लपणार? तिनं धुण्यात पट्ट्याचे डाग बघितले, एक दिवस गोटीही सापडली.  दुसऱ्या दिवसापासून गोटीला जुन्या मऊ साडीची घडी शिवलेली असायची, एवढंच.

ते दवाखान्यात गेलेच नाहीत असं नाही. गावातल्या छोट्या दवाखान्यात ताप-खोकल्याची औषधं मिळत, चिरफाड होत नसे. मोठं रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर. तिथं ते दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा रांगेत बसून त्यांचा नंबर जवळ आला तोवर अपघाताची गाडी आली आणि ऑपरेशनचे डॉक्टर आत गेले ते गेले. होते एकच, तेही कुठं कुठं पुरणार? दुसऱ्यांदा गेले तर ते डॉक्टर बदली होऊन गेलेले आणि नवे यायचे होते. खिडकीतला माणूस चांगला होता बिचारा, म्हणाला, "काका, हर्नियावाले थांबू शकतात म्हणून त्यांना थांबवतात. काय करणार?" रांगेत शेजारी बसलेल्या एका माणसानं मात्र दाजींच्या कानात एक विष ओतलं. "एकदा का तिथं कापलं, की जन्मभर जड उचलायचं नाही. संपलं." दाजी घरी आले ते त्या वाक्यासकट. पुन्हा गेले नाहीत. सुरीला ते भीत नव्हते. करवत न उचलणारे दाजी म्हणजे कोण, या प्रश्नाला ते भीत होते.

वर्षं गेली. फुगवटा मुठीएवढा झाला. गोट्यांची मापं वाढत गेली. दाजी ओंडक्यावर उभे राहतच होते.

आणि मग तो मोठा ओंडका आला. गावातल्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली तयार होत होती. तिथं एक बाई नेमल्या गेल्या होत्या. पुऱ्या डॉक्टर नव्हत्या, पण हर्नियाचं आणि आणखी एक-दोन ऑपरेशनं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकून, परीक्षा देऊन आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. औषधं आली, हत्यारं आली, वाफेवर निर्जंतुक करायचं भांडं आलं. टेबल तेवढं आलं नाही. ते कुठल्या गोदामात अडकलं होतं ते कुणालाच सांगता येईना. मॅडम वखारीत येऊन म्हणाल्या, "मला एक फळी हवी. जाड, रुंद, एका लाकडाची, सांधा नको, सांध्यात घाण बसते. वरून मी पत्रा मढवून घेईन. टेबल येईल तेव्हा येईल, माणसं किती दिवस उभी ठेवू?"

एवढी रुंद फळी यंत्रावर निघणं शक्य नव्हतं. वखारवाला म्हणाला, "दाजी!" दाजी म्हणाले, "रेघ मारतो."

आता आलं लक्षात? त्या फळीला करवत लागली होती, आणि ती निम्म्यात थांबली.

दाजी वरून ओरडले, "काय रे, अडकली का?"

"नाही," खालून आवाज.

"मग ओढ की!"

"नाही ओढत."

हमालांनी पाठीवरची लाकडं खाली ठेवली. मेव्हणा शिडीनं वर आला. भुवया, पापण्या, मिशा, सगळं भुशानं पिवळं. वठलेल्या झाडाला डोळे फुटल्यासारखा दिसत होता. त्यानं टोपी मांडीवर झटकली आणि विचारलं, "दाजी, ही फळी कशाला कापतोय आपण?"

"तुला माहीत नाही? टेबलाला."

"त्या टेबलावर पहिलं कोण झोपणार?"

"ज्याला गरज असेल तो."

"मग तो मी सांगतो. तुम्ही. कबूल असेल तर ओढतो. नाहीतर करवत तिथंच राहू दे, गंजली तरी चालेल."

"मला काय धाड भरलीय?"

मेव्हण्यानं आवाज खाली आणला. पण वखारीत त्या क्षणी इतकी शांतता होती, की तो आवाज फाटकापर्यंत गेला. "दाजी, बराच काळ झाला, मी करवत खाली ओढतो आणि वरही मीच ढकलतो. तुम्ही नुसती धरता. तुमच्या कमरेला काय आहे ते मला बघावं लागत नाही. मूठ माझ्या हातात असते."

हमालांनी घाईघाईनं लाकडं पुन्हा पाठीवर घेतली. एकानं तर जिथून आणली तिथंच नेऊन ठेवली. दाजी ओंडक्यावरून उतरले, चपला पायात घातल्या आणि घरी गेले.

बायको धान्य निवडत बसली होती. "आज लवकर?"

"तुझ्या भावानं करवत थांबवली."

"मग?"

"मग काय मग! खालच्यानं थांबवली! आजवर कधी ऐकलंयस?"

"कुणीतरी थांबवायला हवीच होती," ती म्हणाली. "पट्टा सोडा, घडी बदलून देते."

दाजी भिंतीला टेकून बसले. पट्टा सोडता सोडता म्हणाले, "एकदा कापलं की जड उचलायचं नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तिथं रांगेत एक होता."

"त्याचं ऑपरेशन झालं होतं?"

"नाही. तो रांगेतच होता."

"मग त्याला काय माहीत?"

 इतकी वर्षं हा प्रश्न दाजींना सुचलाच नव्हता. पण हार मानतील तर ते दाजी कसले! सकाळी वखारीत जाऊन त्यांनी मेव्हण्याकडे बघितलंसुद्धा नाही. हमालांमधल्या सगळ्यात आडदांड गड्याला बोलावलं, त्याला सगळे पहिलवान म्हणत. "उतर खड्ड्यात."

मेव्हणा फळ्यांच्या ढिगावर गवताची काडी चावत बसला. म्हणाला, "पहिलवान, तोंड मिटून घे रे." पहिलवानानं विचारलं, "का?" आणि विचारायला जे तोंड उघडलं ते करवत खाली येईपर्यंत उघडंच राहिलं. भुसा घशात. खोकून खोकून बेजार. पुन्हा लावला तर त्यानं हातगाडी ओढावी तशी करवत ओढली. पातं वाकलं, आणि वर उचलताना दाजींना कळून चुकलं की करवतीला वजन असतं. सगळंच्या सगळं वजन. खालून कुणी ढकलत नव्हतं. चार ओढी झाल्या असतील नसतील, गोटी बाजूला सरकली, फुगवटा बाहेर आला आणि दाजी ओंडक्यावरच मटकन बसले. चेहरा पांढराफटक. मेव्हण्यानं काडी थुंकली आणि उठला, पण दाजींनी हातानंच त्याला थांबवलं. आडवे झाले, श्वास सोडला, हळूहळू कळ गेली.

मग ते उठले आणि त्यांनी एक असं केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. शिडीनं खड्ड्यात उतरले. "पहिलवान, तू वर जा. नुसती उचल आणि धर."

खाली अंधूक उजेड. लाकडाचा वास. वर बघावं तर एक काळा ओंडका आणि त्याच्या कडेला आभाळाची पट्टी. दाजींनी खालची मूठ धरली आणि ओढली. ओढताना पोटावर तेवढा ताण नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि दुसरं काय लक्षात आलं? दोनचार ओढींतच ते खालून ओरडले, "काय रे, उजवा खांदा दुखतो का तुझा?"

वर करवत थबकली. पहिलवान वाकून खाली बघायला लागला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर बायकोलाही बोललो नाही!"

 दाजी मूठ हातात धरून तसेच उभे राहिले. वरच्या माणसाचा खांदा, दम, झोप झाली की नाही, घरी भांडून आला की काय, सगळं त्या पात्यातून खाली येत होतं. इतकी वर्षं ते वर छाती काढून उभे होते, आणि त्यांचं एकूण एक दुखणं या खड्ड्यात असंच टिपटिप गळत होतं, आणि खाली उभा असलेला माणूस ते निमूट अंगावर घेत होता. शिवाय भुसाही घेत होता.

"मेव्हण्या!" त्यांनी हाक मारली.

"ओ, दाजी!" इतक्या लगेच उत्तर आलं, की हा खड्ड्याच्या काठावरच बसला होता हे उघड होतं.

"झोपतो तुझ्या त्या टेबलावर."

"बरं."

"पण उरलेली फळी तू वरून कापायची. मी खालून."

आता मेव्हणा घाबरला. "मी? अहो, माझी रेघ वाकडी जाईल."

"जाऊ दे. मला इथून कुठं दिसतेय?"

तशी ती फळी कापली गेली. जिथं मेव्हण्यानं वरची मूठ हातात घेतली तिथं लाकडात एक लाट उठली आहे. हात फिरवला की कळते. वीतभर ती लाट डावीकडं जाते, मग घाबरून उजवीकडं येते, मग सावरते, आणि पुढं मात्र सरळ. सुतार रंधा घेऊन आला तेव्हा दाजी म्हणाले, "वरची बाजू काचेसारखी कर. खालच्या बाजूला हात लावायचा नाही." सुतार म्हणाला, "पण हे दिसायला…" दाजी म्हणाले, "खालून कोण बघतंय?" मेव्हणा बाजूलाच उभा होता. कान लाल झाले त्याचे.

पत्रा मढवायला मॅडम स्वतः उभ्या होत्या. दाजींनी गर्दी पांगेपर्यंत वाट बघितली आणि पट्टा सोडून गोटी त्यांच्या हातात ठेवली. मॅडमनी ती उलटसुलट करून बघितली. "कोरलीय सुंदर हो! पण दाजी, ही आजपासून बंद. हिच्याखाली आतडं चेमटलं आणि अडकून बसलं, तर मग रांगेत बसायलाही वेळ मिळत नाही. माणूस जातो."

त्याही दाजीच म्हणाल्या. नातं ना गोतं!

"मॅडम," दाजी म्हणाले, "एकच विचारतो. नंतर करवत उचलता येईल का?"

"लगेच नाही. काही आठवडे अजिबात नाही, तिथं माझंच ऐकायचं. मग हळूहळू. पण उचलता यावी म्हणूनच तर करायचंय. फटीवर आतून जाळीचा तुकडा शिवते. मच्छरदाणीच्या जातीचीच जाळी असते, पण बाजारातली नव्हे. तपासून, वाफवून निर्जंतुक केलेली. अंग तिला धरून घेतं."

ही मच्छरदाणीची बातमी वखारीत पोचायला काय वेळ? पहिलवान म्हणाला, "दाजी, आता पोटात डास शिरायची भीती नाही!" न्हाव्यानं विचारलं, "जाळीला खिडकी ठेवतात का हो, हवा खेळायला?" दाजी सगळ्यांना पुरून उरले. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बायकोनं बघितलं, तर अंघोळ करून माणूस बसलेला आणि हात दाराच्या चौकटीवर फिरतोय, सावकाश, खाली-वर. तिनं त्यांचा तो हात धरला आणि तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. भर रस्त्यानं, हात धरून. त्या वयात! लोकांनी बघितलं, तर बघू दे म्हणाली.

फक्त तेवढा भाग बधिर केला होता, दाजी पुरे जागे. छातीपाशी पडदा. पाठीखाली त्यांची फळी. मॅडमनी कातडीवर शाईनं रेघ ओढली तेव्हा गार लागलं.

"रेघ मारली का?" दाजींनी पडद्याच्या अलीकडून विचारलं.

"मारली."

"सुतानं मारायची. हातानं वाकडी जाते."

"माझी चार बोटांचीच आहे दाजी, चालेल. पाय हलवू नका."

"आम्ही भेगेवर पट्टी ठोकतो. तुम्ही काय करता?"

"ठोकत नाही, शिवते. बोलला नाहीत तर लवकर शिवते."

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. थोडाच. सिस्टर सांगते, की त्या खोलीत मॅडमना घाम फुटला होता तो उकाड्यानं नव्हे, हसू दाबल्यानं. पहिलं ऑपरेशन, नवी खोली, सगळ्यांचे हात ताणलेले, आणि हा माणूस आडवा पडून खिडकीच्या चौकटीकडं बघत म्हणतो, "ही आपलीच."

जाळी बसली. मॅडम म्हणाल्या, "आता खोका. जोरात."

फट नीट धरली का हे बघायला खोकायला सांगतात. दाजींना जोरात म्हटलं, तर ते जोरातच! खोकले ते असे, की तबकातल्या कात्र्या वाजल्या आणि बाहेर व्हरांड्यात भिंतीला कान लावून बसलेला मेव्हणा दचकून मागं झाला. बहिणीला म्हणाला, "ताई, ऐकलंस? हा वरचाच माणूस!" ती पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

जाळी जागची हलली नव्हती.

पुढचे आठवडे दाजींनी कसे काढले ते विचारू नका. जड उचलायचं नाही, चालायचं मात्र. मग चालत सुटले. आणि काय झालं, की आता त्यांना दिसायला लागलं. होडीवाला वल्हं टाकताना जांघेवर हात दाबतो. पहारेकरी शिंकण्याआधी एक पाय वर घेतो. बाजारात गोणी उतरवणारे दोघं एकाच बाजूला झुकून चालतात. दाजी सरळ समोर जाऊन उभे राहायचे. "खोक बघू."

"का?"

"खोक तर!"

मग कोपऱ्यात नेऊन आपली टाक्यांची रेघ दाखवायचे. गावात अशी परिस्थिती आली, की दाजी लांबून दिसले की माणसं एकमेकांना कोपर मारायची: "खोकू नको रे, दाजी आले!" पण हळूहळू एकेक जण मॅडमच्या व्हरांड्यात येऊन बसायला लागला. जी गोष्ट प्रत्येकानं एकट्यानं चोरून बांधली होती, ती आता बाकावर शेजारी शेजारी बसून बोलली जात होती. ऑपरेशन झालं की जो तो आपली गोटी दाजींना आणून द्यायचा. होडीवाल्याची मासे धरायच्या जाळ्याला बांधतात त्या तरंगत्या लाकडाची. पहारेकऱ्याचा फडक्यात बांधलेला गोटा. आणि शाळेतले गुरुजी एक दिवस इकडंतिकडं बघत वखारीत आले आणि सदऱ्याखालून काढून दिलं ते काय असेल? फळा पुसायचं डस्टर! शाळेचं डस्टर सारखं हरवतं म्हणून मुलं मार खात होती इतकी वर्षं.

दाजींनी ते सगळं सुतात ओवून खड्ड्याच्या वर टांगलं. तोरणासारखं. वखारवाला म्हणाला, "हे काय अमंगळ!" दाजी म्हणाले, "असू द्या. माझी गोटी मधोमध आहे."

मॅडमनी परवानगी दिली त्या सकाळी वखारीत काम असं कुणी केलंच नाही. सगळे खड्ड्याभोवती. मेव्हणा खाली उतरला, टोपी डोळ्यांवर ओढली. दाजी ओंडक्यावर चढले, पाय फाकले, पाठ ताठ केली. कमरेला पट्टा नव्हता. हात सवयीनं तिथं गेला आणि रिकामा परत आला. मूठ धरली. उचलली. करवत वर गेली आणि खाली आली, पुन्हा वर गेली, आणि तिचा तो घुमणारा आवाज वखारीत भरून राहिला. बायको फाटकात उभी होती. डबा द्यायला आले म्हणाली. डबा सकाळीच दिलेला होता!

आता शेवटचं. काही काळानं राजधानीतून एक मोठे डॉक्टर आले. चांगला माणूस, मॅडमच्या पाठीवर सगळ्यांसमोर शाबासकीची थाप मारली त्यांनी. त्यांना एकच बघायचं होतं, की ऑपरेशन झालेली माणसं परत आपल्या कामावर आहेत की नाही, आणि मॅडमनी त्यांना सगळ्यात आधी वखारीत आणलं. डॉक्टर तोरणापाशी उभे राहिले, डस्टरकडं बघून हसले आणि वर बघून विचारलं, "दाजी, खरं सांगा. पूर्वीइतकी ताकद आली का? की मॅडमना बरं वाटावं म्हणून वर उभे आहात?"

दाजींनी करवत थांबवली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले,

"साहेब, माझ्या तोंडून सांगितलं तर बढाई होईल. आज सकाळी मेव्हण्यानं पुन्हा करवत थांबवली. मी वाकून विचारलं, आता काय रे बाबा? तर म्हणतो, दाजी, जरा बेतानं ओढा, मुठीसकट मलाही वर घ्याल. खाली उभाच आहे तो, विचारा त्यालाच. पण जरा मोठ्यानं विचारा, कानात भुसा असतो त्याच्या."